तासाला किती पेट्रोल? उजनीवर मोटारबोट चालवणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशोब, पायरीपायरीने

उजनी धरणाच्या काठावर नवीन बोट उतरली की बघ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तासाला किती खाते?" मालकही विक्रेत्याने सांगितलेला आकडा ठोकून देतो, चार लिटर, सहा लिटर, जो असेल तो. पुढचा सगळा हिशोब त्याच एका आकड्यावर उभा राहतो आणि सगळं घोडं तिथंच पेंड खातं. त्या तासात बोट किती किलोमीटर गेली, आत किती माणसं होती, वारा कुठून होता हे ठाऊक नसेल तर 'तासाला चार लिटर' या वाक्याला काही अर्थ नाही. शिवाय पेट्रोल हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो, आणि ते बहुतेकांना दुसऱ्या वर्षी कळतं.

हा लेख १४ ते २० फुटांच्या, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेल्या, हौसेने चालवायच्या बोटींसाठी आहे. उदाहरणातले आकडे आमच्या वहीतले आहेत: १६ फुटी फायबर बोट, २५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, आत चार माणसं. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरलं आहे. तुम्ही तुमचे आकडे घाला, पद्धत तीच राहील. क्रम मात्र बदलू नका, कारण बहुतेक चुका एखादी पायरी गाळल्यामुळे होतात.

## टप्पा १: मोजण्याआधीची तयारी

अस्वच्छ, जड आणि अर्धवट नादुरुस्त बोटीचा खप मोजून उपयोग नाही. मोजाल ते नादुरुस्तीचं माप असेल. म्हणून आधी बोट ताळ्यावर आणा.

१. बोट पाण्याबाहेर काढून तळ हाताने चाचपा. उजनीत चार-सहा आठवडे उभ्या राहिलेल्या बोटीच्या तळाला हिरव्या शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. डोळ्यांना तो नुसता डाग वाटतो, पण तळहात फिरवला की कळतं. नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं. तारेचा ब्रश वापरू नका, जेलकोटवर (फायबरवरच्या गुळगुळीत थरावर) ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी शेवाळ तिथंच घट्ट धरतं.

२. बोटीत साचलेलं पाणी पूर्ण काढा. फळ्यांच्या खाली शंभर लिटर पाणी सहज लपतं. म्हणजे शंभर किलो वजन, दीड माणूस फुकट फिरवताय.

३. पंखा काढा. पाती वाकली आहेत का, कडा झिजल्या आहेत का ते पाहाच, पण मुख्य म्हणजे पंख्याच्या मागे शाफ्टवर मासेमारीच्या जाळ्याचा तंगूस गुंडाळलाय का ते बघा. उजनीत जाळी जागोजाग टाकलेली असतात. तंगूस एकदा शाफ्टवर बसला की तापून ऑइल सील कापतो, गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं, आणि दहा मिनिटांच्या आळसाचं बिल हजारांत येतं.

४. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. रंग दुधासारखा असेल तर आत पाणी गेलंय. आधी सील बदला, मोजणी नंतर.

५. प्लग, हवेचा मार्ग आणि इंधनाचा फिल्टर तपासा. इंजिन सुरू केल्यावर मागच्या छिद्रातून थंड करणाऱ्या पाण्याची धार जोमाने पडली पाहिजे. धार मंद असेल तर इम्पेलर (पाणी वर ओढणारं रबरी चक्र) झिजलाय किंवा छिद्रात गाळ बसलाय.

६. मोजणीचं सामान गोळा करा: वही-पेन, जीपीएसवर वेग दाखवणारा फोन (वॉटरप्रूफ पिशवीत), १२ लिटरची सुटी टाकी, आणि ५० किलोपर्यंत मोजणारा, १० ग्रॅमचा फरक दाखवणारा लटकता डिजिटल वजनकाटा. वजनकाट्याचं काम टप्पा ३ मध्ये येईल. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाखवणारा काटा नसेल तर थ्रॉटलच्या मुठीवर पेंटने चार खुणा करून घ्या.

> तपासा: बोटीत रोज असतं तेच सामान ठेवा: नांगर, दोरखंड, लाइफ जॅकेटं, डबे. रिकाम्या बोटीवर खप मोजायचा आणि रविवारी सहा जण, पाण्याचे जार आणि भाकरी-शेंगाचटणीचे डबे घेऊन निघायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

## टप्पा २: कागदावरचा अंदाज

पाण्यात उतरण्याआधी ढोबळ आकडा हाती असावा. मग मोजणीत काही तरी भलतंच आलं तर लगेच ओळखू येतं.

पूर्ण थ्रॉटलवर फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.३ ते ०.४ लिटर पितं. म्हणजे ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन तीन ते चार लिटर आणि २५ चं साडेसात ते दहा लिटर. जुनं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक याच्या सव्वा ते दीडपट घेतं. डिझेल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे ०.२ ते ०.२५ लिटर धरा.

हे झालं पूर्ण थ्रॉटलचं. रोजच्या चालीत खप याच्या अर्ध्या-पाऊणपट असतो, पण नेमका किती हे गुणाकाराने काढता येत नाही. त्याचं कारण बोटीच्या चालीत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बोट हळू चालते तेव्हा पाणी बाजूला सारत जाते. या चालीला एक मर्यादा असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला ४.५ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. १६ फूट म्हणजे ४.९ मीटर, वर्गमूळ २.२, म्हणजे मर्यादा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला बोट स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात बसते. थ्रॉटल आणखी दाबला तर नाक वर उचलतं, मागचा भाग खाली दबतो, इंजिन ओरडतं, मागे मोठी लाट उठते आणि वेग मात्र फारसा वाढत नाही. इथं पेट्रोल अक्षरशः लाटा बनवण्यात जातं. तळ सपाट असेल आणि इंजिनात दम असेल तर बोट हा चढ ओलांडून पाण्यावर 'बसते', नाक खाली येतं, आवाज मोकळा होतो आणि थोड्याच जादा पेट्रोलमध्ये वेग दुप्पट होतो.

हळू चाल आणि बसलेली चाल, दोन्ही परवडतात. मधली चाल कधीच परवडत नाही. आणि बहुतेक लोक "फार पळवायची नाही, फार हळूही नको" म्हणून नेमकी मधलीच धरतात.

## टप्पा ३: पाण्यावर प्रत्यक्ष मोजणी

टाकीवरच्या रेषा पाहून मोजू नका. टाकी थोडी कलती असली तरी लिटर-दीड लिटरचा फरक दिसतो. वजन खोटं बोलत नाही. आपल्याकडच्या पेट्रोलचा एक लिटर साधारण पाऊण किलो भरतो, म्हणून किलोला ०.७५ ने भागलं की लिटर मिळतात.

दिवस आणि वेळ. पहाटे निघा. उन्हाळ्यात सूर्य वर आला की वारं सुटतं आणि मग सगळे आकडे हलतात. आम्ही सहा वाजता पाण्यात असतो, दहाच्या आत मोजणी आवरलेली असते.

क्रम असा ठेवा:

१. इंजिन नेहमीच्या टाकीवर दहा मिनिटं चालवून गरम करा, मग काठावर येऊन बंद करा.

२. १२ लिटरच्या टाकीत दोन-तृतीयांश पेट्रोल भरून झाकण घट्ट लावा आणि काठावर, जमिनीवर उभं राहून तिचं वजन करा. बोटीत करू नका, काटा झुलतो. तीन वेळा उचला, तिन्ही आकडे जुळले तर लिहा.

३. टाकी जोडा, हवेचा स्क्रू उघडा, नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. नळी पेट्रोलने भरलेली असली पाहिजे, नाहीतर नळी भरण्यात गेलेलं पेट्रोलही खपात मोजलं जाईल.

४. एकच आरपीएम धरून दहा मिनिटं एका दिशेला जा, वळा, त्याच आरपीएमला दहा मिनिटं परत या. जाऊन-येऊन मोजल्याने वाऱ्याचा परिणाम बराच कापला जातो. फोनवर एकूण अंतर लिहून घ्या.

५. इंजिन बंद, टाकी काठावर, पुन्हा वजन.

६. पुढच्या आरपीएमसाठी पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच आरपीएम पुरेत.

आमच्या वहीतली एक नोंद: ४५०० आरपीएम, आधीचं वजन ९.८४ किलो, नंतरचं ८.२६. फरक १.५८ किलो, भागिले ०.७५, म्हणजे २.१ लिटर. वीस मिनिटांत २.१ म्हणजे तासाला ६.३ लिटर. अंतर ९.३ किलोमीटर, म्हणजे वेग ताशी २८. आणि किलोमीटरला ०.२२५ लिटर. हा शेवटचा आकडा जपून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर चालणार आहे.

> सावधान: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाला साचून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. टाकी कधीही बोटीत भरू नका, काठावर जमिनीवर ठेवून भरा. मोजणीच्या वेळी आसपास विडी-सिगारेट नको, मोबाइलचं चार्जिंगही नको. लाइफ जॅकेट अंगात आणि इंजिन बंद पाडणारी दोरी मनगटाला, अगदी 'नुसतं मोजायला' निघालात तरी.

## टप्पा ४: आकडे वाचणं

आमच्या बोटीचा तक्ता असा आला:

- २००० आरपीएम: वेग ८, तासाला १.८ लिटर, किलोमीटरला ०.२२५ लिटर
- ३००० आरपीएम: वेग ११.५, तासाला ३.४ लिटर, किलोमीटरला ०.३० लिटर
- ३५०० आरपीएम: वेग १४, तासाला ४.८ लिटर, किलोमीटरला ०.३४ लिटर
- ४५०० आरपीएम: वेग २८, तासाला ६.३ लिटर, किलोमीटरला ०.२२५ लिटर
- ५५०० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल: वेग ३६, तासाला ९.२ लिटर, किलोमीटरला ०.२५५ लिटर

तासाचा रकाना पाहिला तर ३५०० हे ४५०० पेक्षा स्वस्त दिसतं: तासाला दीड लिटर वाचतंय. किलोमीटरचा रकाना पाहिला तर तेच ३५०० सगळ्यात महाग आहे, दीडपट. "इंजिनाला त्रास नको" म्हणून मध्यम थ्रॉटलवर जाणारा माणूस प्रत्येक किलोमीटरला ३६ पैकी बारा रुपये उगाच पाण्यात सोडत असतो.

उलट पक्षी पाहायला निघालात, तासभर रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ रेंगाळायचं आहे, तर किलोमीटर बाजूला ठेवा आणि तासाचा रकाना धरा. तिथं १.८ लिटरचीच चाल योग्य. कुठं पोहोचायचं असेल तर किलोमीटरचा आकडा आणि पाण्यावर वेळ घालवायचा असेल तर तासाचा. दोन्हींची गल्लत करू नका.

वजन वाढलं की हा तक्ता मोडतो हेही लक्षात असू द्या. याच बोटीत सहा जण बसले तेव्हा ४५०० ला ती पाण्यावर बसलीच नाही, नाक वर धरून तशीच लोळत राहिली. म्हणून चार माणसांचा आणि सहा माणसांचा असे दोन तक्ते करा, आणि सहा जणांवर बोट बसत नसेल तर सरळ २००० वर चालवा.

## टप्पा ५: फेरीचं नियोजन आणि राखीव पेट्रोल

हा टप्पा खर्चाचा कमी, जिवाचा जास्त आहे.

नियम तिसऱ्या हिश्श्याचा: एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. राखीव हिश्श्याला काठ दिसेपर्यंत हात लावायचा नाही.

१५ किलोमीटर दूर जाऊन यायचं आहे असं धरू. ०.२२५ ने जाण्याचे ३.४ लिटर, येण्याचे तेवढेच, राखीव तेवढेच, एकूण दहा लिटरच्या वर. म्हणजे १२ लिटरची टाकी जवळपास भरलेली हवी. सात लिटर घेऊन "पुरतंय की" म्हणणारे अनेक भेटतात.

ते का पुरत नाही ते मी अंगावर घेऊन शिकलोय. पहिल्या वर्षी कंदरच्या बाजूने वारा पाठीशी घेऊन निघालो, बोट छान बसली होती, पेट्रोलचा काटा हलतोय असं वाटलंच नाही. निघताना काठावर जाळं सोडवत बसलेले एक मामा म्हणाले होते, "वारं सुटायच्या आत माघारी फिरा." आम्ही साडेअकराला फिरलो. समोरून वारा, दोन फुटांच्या लाटा. ४५०० ला बोट लाटांवर आपटायला लागली, मुलांचे चेहरे उतरले, थ्रॉटल कमी करावा लागला आणि बोट नेमकी त्या मधल्या, सगळ्यात खादाड चालीत अडकली. ०.२२५ चे ०.३४ झाले. काठ दीड किलोमीटर असताना इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. वल्ही होती म्हणून दोन तासांत काठाला लागलो. त्या दिवसापासून परतीचा हिशोब मी नेहमी तक्त्यातल्या सगळ्यात वाईट आकड्याने करतो.

त्यावरून तीन सवयी लावून घ्या:

- जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, परतताना वारा पाठीशी येऊ द्या. धरणापासून जलाशय वायव्येला भिगवणच्या दिशेने पसरलेला आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावरचं वारं पश्चिमेचं, म्हणून धरणाजवळच्या भीमानगरकडून निघणाऱ्यांना हे बहुधा आपोआप साधतं. करमाळ्याच्या काठावरून निघणाऱ्यांनी विचार करूनच दिशा ठरवावी.
- उजनीची पातळी पाहून निघा. ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा असलेलं हे धरण उन्हाळ्यात उणे टक्क्यांत जातं हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, बांध आणि झाडांचे बुंधे वर येतात. मग सरळ रेघेत जाता येत नाही, वळसे पडतात, अंतर वाढतं. पंखा आपटला तर तो खर्च वेगळाच.
- पेट्रोल वाचवण्यासाठी एका फेरीत जास्त माणसं कोंबू नका. २१ मे २०२४ रोजी कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वाऱ्याचं चिन्ह दिसलं तर फेरी रद्द करा. भरलेलं पेट्रोल पुढच्या रविवारी वापरता येतं.

> तपासा: निघण्यापूर्वी काठावरच्या कुणाला तरी कुठं जाताय आणि किती वाजता परताल ते सांगा. दोन वल्ही, नांगर, चार्ज केलेला फोन.

## टप्पा ६: पेट्रोल साठवणं आणि भरणं

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्याचे बोटीवर दोन परिणाम होतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत खप सहा-सात टक्के वाढतो. जुन्या वहीतले आकडे आज जुळत नसतील तर इंजिनावर लगेच संशय घेऊ नका. दुसरा परिणाम जास्त वाईट: इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाण्याच्या काठावर अर्धी रिकामी टाकी महिनाभर पडून राहिली की त्यात पाणी जमतं, आणि ठरावीक मर्यादेपुढे इथेनॉल-पाण्याचं मिश्रण पेट्रोलपासून फुटून तळाला बसतं. इंजिनाची नळी तळातूनच ओढते.

बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. तुमच्या इंजिनाचं पान उघडून बघा. मर्यादा कमी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नळ्या, फुगा आणि कार्ब्युरेटरच्या रबरांबद्दल विचारा, आणि टाकी व इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवाच.

काय करायचं:

१. त्या फेरीपुरतंच भरा. तीन-चार आठवड्यांपेक्षा जुनं पेट्रोल बोटीला नको, गाडीत ओतून संपवा. (टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर गाडीत नाही.)

२. टाकी काठोकाठ भरू नका. सोलापूरच्या ४२-४३ अंशांत पेट्रोल फुगतं. वरची सात-आठ टक्के जागा रिकामी ठेवा, टाकी ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. ऊन लागलेल्या नळीत वाफ धरली की इंजिन दमल्यासारखं अडखळतं आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतो.

३. घरी साठा करू नका. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंतच बाळगता येतं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तेही जास्तच आहे.

४. टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण मॅन्युअलचं. सहसा ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिली. "जरा जास्त घातलं की इंजिन टिकतं" हा गैरसमज आहे. जास्त ऑइलने प्लग काळे होतात, धूर वाढतो आणि खपही. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या, मोटारसायकलचं नको. आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल.

> सावधान: गाडीतून नेताना टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, बोट चालवताना उघडा. उलटं झालं तर गाडीत वाफ भरते, आणि बोटीत दहा मिनिटांनी टाकी आत ओढली जाऊन इंजिन बंद पडतं. "इंजिन बिघडलं" म्हणून मिस्त्रीला फोन केलेल्या किती तरी केसेसमध्ये हा स्क्रूच निघाला आहे.

## टप्पा ७: खप वाढलाय, पाणी कुठं मुरतंय ते शोधा

तक्त्यापेक्षा खप दहा टक्क्यांहून जास्त वाढला तर फुकटच्या गोष्टींपासून सुरुवात करा आणि महागड्याकडे जा. लोक नेमकं उलटं करतात, आधी कार्ब्युरेटर उघडतात.

वजन आणि बैठक. माणसांना पुढेमागे सरकवून बघा. मागे सगळे बसले तर नाक वर राहतं. एक माणूस पुढच्या फळीवर गेला की कित्येकदा बोट लगेच बसते.

इंजिनाचा कोन. इंजिन बोटीच्या मागच्या फळीला धरतं तिथली पिन एक घर आत-बाहेर करून बघा. फार बाहेर असेल तर बोट ठेचकाळत चालते, फार आत असेल तर नाक पाण्यात घुसतं. एका घराने ताशी दोन किलोमीटरचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

तळ आणि जलपर्णी. पंख्यात जलपर्णीची मुळं अडकली की इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग पडतो. आधी इंजिन बंद करा, वर उचला, मगच हात घाला.

पंखा. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मॅन्युअलमधल्या आरपीएमपर्यंत जातंय का? बहुतेकांची मर्यादा ५००० ते ६००० च्या दरम्यान असते. नेहमीच्या वजनाला ४६०० वरच अडत असेल तर पंखा जड पडतोय. पिच (पंखा एका फेऱ्यात जेवढं पुढे सरकेल ते अंतर) एक इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात. कमी पिचच्या पंख्याने "वेग कमी होईल" अशी भीती वाटते, पण भरलेली बोट पाण्यावर बसायला लागल्याने खप खाली येतो.

प्लग, फिल्टर, थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) उघडाच अडकला तर इंजिन कधीच नीट गरम होत नाही आणि सतत जास्त पेट्रोल पितं. हे फार जणांच्या लक्षात येत नाही, कारण इंजिन तापत नाही म्हणून सगळे खूश असतात.

एवढं झाल्यावरही खप जास्त असेल तरच कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर.

## टप्पा ८: तासाचा खरा खर्च

आता वहीचं नवं पान. खर्च तीन भागांत मांडा.

पाण्यावरचं पेट्रोल. रेंगाळणं, पळवणं, धक्क्याला लावणं सगळं धरून आमची सरासरी तासाला चार लिटर. म्हणजे ४२० रुपये.

रस्त्याचा खर्च. सोलापुरातून भीमानगर जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या घरात. मागे ट्रेलर असताना आमची डिझेल गाडी लिटरला आठ देते. पंचवीस लिटर, २,३०० रुपये एका फेरीला. वर्षाला वीस फेऱ्या म्हणजे ४६,०००. टोल, चहा, जेवण वेगळं.

बोट उभी असतानाही होणारा खर्च. बोट, इंजिन आणि ट्रेलरची किंमत दरवर्षी उतरते, ती आम्ही ५०,००० धरतो. सर्व्हिस आणि सुटे भाग १५,०००. विमा आणि कागदपत्रं १२,०००. ट्रेलरची बेअरिंग, टायर ८,०००. अचानकची दुरुस्ती १०,०००. लाइफ जॅकेटं, दोरखंड, अग्निशामक ५,०००. बेरीज एक लाख.

वीस फेऱ्या, प्रत्येकी तीन तास पाण्यावर, म्हणजे वर्षाला ६० तास. एक लाख भागिले ६० म्हणजे तासाला १,६६७. रस्त्याचे ७६७. पेट्रोलचे ४२०. एकूण २,८५४ रुपये तासाला, त्यात बोटीचं पेट्रोल जेमतेम १५ टक्के.

त्याच बोटीच्या वर्षात ३० फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरी चार तासांची झाली, तर १२० तास होतात. उभा खर्च ८३३ वर येतो, रस्ता ५७५ वर, पेट्रोल तेवढंच, एकूण १,८२८. (सर्व्हिसचा खर्च थोडा वाढेल.) म्हणजे तासाला पाव लिटर पेट्रोल वाचवण्यापेक्षा प्रत्येक फेरीत एक तास जास्त पाण्यावर थांबणं कितीतरी परवडतं. पेट्रोल महाग म्हणून बोट दारात उभी ठेवणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावं.

बोट काठावरच्या गावात ओळखीच्या शेतकऱ्याकडे ठेवायचा पर्यायही तपासा. ट्रेलर नसेल तर गाडी लिटरला सोळा देते, फेरीमागे ११५० रुपये वाचतात, वीस फेऱ्यांचे २३,०००. जागेचं भाडं महिन्याला १,५०० असेल तर वर्षाचे १८,०००. पैशात फायदा थोडाच, पण ट्रेलरची झीज आणि पहाटेचा तास वाचतो. बोट तिथं ठेवायची तर इंजिन आणि बॅटरी मात्र काढून घरी आणा.

कागदपत्रांच्या रकान्यावर फुली मारू नका. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ प्रमाणे यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, आणि धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाचे नियम असतात. बोट घेण्याआधीच याची चौकशी करा.

> तपासा: वर्षाला ३० तासांपेक्षा कमी वापर होत असेल तर काठावरच्या परवानाधारक नावाड्याची बोट भाड्याने घेण्याचा दर विचारा आणि तुमच्या तासाच्या खर्चाशेजारी लिहा.

## टप्पा ९: प्रत्येक फेरीनंतरची नोंद आणि हंगामाची अखेर

फेरीनंतर पाच गोष्टी लिहा: तारीख, इंजिनाचे तास, किती लिटर भरले, माणसं किती, वारा कसा. तास मोजायला छोटा अवर-मीटर मिळतो, प्लगच्या वायरला गुंडाळला की झालं. सर्व्हिस १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. आपल्या वापरात वर्षच आधी येतं, आणि "अजून ६० च तास झालेत" म्हणून सर्व्हिस पुढे ढकलली जाते. ऑइल आणि इम्पेलर उभ्या इंजिनातही खराब होतात.

पावसाळ्यात बोट बंद ठेवायची असेल तर क्रम असा: आधी ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, त्याच वेळी गोड्या पाण्याने आतला गाळ धुऊन काढा. मग कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. टाकी पूर्ण रिकामी करा. गिअर ऑइल आत्ताच बदला, पावसाळ्यानंतर नाही, कारण आत पाणी असेल तर चार महिने गिअर गंजत बसतील. इंजिन उभं ठेवा, आडवं नको. शेवटी पंखा काढून शाफ्टवर पुन्हा एकदा तंगूस बघा, ग्रीस लावा आणि काढलेली तारीख वहीत लिहा.